अक्षरामागे पंधरा रुपये

म्हापशाच्या बाजाराला लागून काजूची वखार,
वर पहिला मजला, बाहेर आठ बाय चारचा पत्रा.
डॉक्टरीणबाईंनी कागद दिला : डॉ. शमा शेट वेर्णेकर.
पदव्या? मी विचारलं.
बारीक, तळाला, म्हणाल्या,
कुणाला वाचायच्याच असतील तर वाचता येतील इतपत.

बांबोळीला शिकल्या, मग सात वर्षं मुंबई,
नुसता बायकांच्या ओटीपोटातला कॅन्सर,
कापणं, शिवणं, आणि कधी कधी
काहीच न कापता शिवून बाहेर येणं.
हे त्यांनी नाही सांगितलं.
आया क्लेमेन्सियानं सांगितलं, बशीतला चहा फुंकत.

चाळीस वर्षं मी पाट्या रंगवतो.
बार, पोदेराची भट्टी, दशावताराची कमान,
निवडणुकीत एकाच भिंतीवर आलटून पालटून दोन पक्ष.
पण 'गर्भाशयाचं तोंड' भररस्त्यात,
वीतभर उंच, पिवळं, काळ्या कडेचं?
ब्रश डब्याच्या काठावर मी पुसतच राहिलो.
बाई, शुक्रवारचा बाजार इथंच भरतो, म्हटलं.
त्या म्हणाल्या, म्हणूनच.

गर्भाशयाचं तोंड. गर्भाशय. अंडाशय. योनिमार्ग.
त्याखाली सगळ्यांत मोठी ओळ, लाल :
पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर वर या.
पुढे बाण, जिन्याकडे.
हीच ओळ रोमीतही, हळदोण्याच्या, शिवोलीच्या बायकांसाठी.
ती अक्षरं मी नुसती नकलली.

अक्षरामागे पंधरा.
काना, मात्रा, टिंब यांचे मी घेत नाही.

शुक्रवारी शिडीवर होतो, शेवटचा हात देत.
खाली चोरीसांच्या माळा, खाजं, मातीची भांडी.
हरमलच्या मिरचीची रास सोडून एकजण उभी राहिली,
ओठ हलवत, अक्षराला अक्षर लावत :
पा-ळी... गे-ल्या-वर...
मग मान खाली घालून तिनं तराजू पुसला,
पुसलेलाच पुन्हा पुसला.
दुपारी बघतो तर रास शेजारणीच्या ताब्यात.

घरी मी हे हसत हसत सांगितलं.
मंजुळा हुमण ढवळत होती.
ती ओळ परत सांगा, म्हणाली.
सांगितली.
रक्त म्हणजे किती, ते लिहिलंय?
तेवढी जागा नव्हती, मी म्हटलं.
आणि मग माझा हात ताटातच राहिला.

पाच महिने ती विहिरीवर अंधारात धुवत होती.
मला वाटायचं, हिला आताशा झोप लागत नाही.

जिन्याच्या सतरा पायऱ्या.
नवव्या पायरीवरून पाटीची पाठ दिसते,
तिथं मी गंजाचा रंग अर्धाच लावलाय.
मागून कोण बघणार, असं वाटलं होतं.

मला बाहेर बसवलं.
आत काय विचारत होत्या कळत नव्हतं,
पण मंजुळा बोलत होती. सलग.
एकतीस वर्षांत इतकं सलग
देवचाराला रोट देतानाही मी तिला बोलताना ऐकलं नाही.
मध्येच दोघी हसल्या.
कशाला, ते मला अजून माहीत नाही.

भिंतीवर चौकटीत त्यांच्या पदव्या.
पाटीवर मीच लिहिल्या होत्या, पण वाचल्या नव्हत्या.
आता वाचल्या, एकेक, पूर्णविरामासकट,
आणि वाटलं, जरा मोठ्या लिहायला हव्या होत्या.

तुकडा तपासायला गेलाय. दहा दिवस लागतील.
पाटीचे दोन हजार यायचे होते, ते मी काढले नाहीत,
त्यांनीच पाकिटात घालून क्लेमेन्सियाकडे ठेवले होते.

खाली उतरल्यावर मंजुळा रस्त्यात थांबली.
पदराची सावली डोळ्यांवर धरून
तिनं आख्खी पाटी वाचली, वरपासून बाणापर्यंत.
'दिसलं'वरचं टिंब राहिलंय, म्हणाली.

लाल डबा घरी आहे, मी म्हटलं. बघू पुढच्या आठवड्यात.

शुक्रवारच्या आत द्या, ती म्हणाली,
आणि स्टँडकडे चालू लागली.